साफसफाई की निरवानिरव?

घर कसं साफ करावं हे ज्यांच्याकडून शिकले, त्यांच्याबद्दल लिहायला बसलेय आणि माझ्याच डोक्यात हा एवढा पसारा. समोरच्या सेगुलामावशींना मुलाकडे परदेशात जायचं होतं की नव्हतं? एवढा एकच प्रश्न आहे. दोन वर्षं झाली, मला उत्तर सापडत नाही. आता विचारायलाही त्या नाहीत. तिकडे जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच वारल्या. सतीश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "अगं, स्वतःच्या पायांनी गेल्या ना? मग जायचं होतं त्यांना. विषय संपला." पुरुषांचं बरं असतं, त्यांचे विषय संपतात. मी मात्र तो शेवटचा महिना पुन्हा पुन्हा आठवून बघते. एक आठवण 'हो' म्हणते, लगेच दुसरी 'नाही' म्हणते, आणि मी भाजी चिरता चिरता तशीच थांबते.

मुलुंड पूर्वेला आमची बिल्डिंग. तीन मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. आम्ही राहायला आलो त्या दिवशी दूध कोण टाकतं ते विचारायला मी समोर गेले. दाराच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला एक तिरकी पितळी डबी ठोकलेली होती. मला वाटलं, नवीन टाइपची बेल असेल. दाबली. वाजेना. पुन्हा दाबली, चांगली अंगठ्याने. दार उघडलं. समोर बुटकी, गोरी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई.

"ती बेल नाही गं, देवाची डबी आहे. आत शास्त्र लिहिलेलं असतं. बेल त्या बाजूला."

मी मेल्याहून मेल्यासारखी. "सॉरी हं, मला माहीत नव्हतं."

"असू दे. दाबलीसच आहेस तर त्यालाही कळलं, नवीन शेजारीण आली."

बरं, मला कळणार तरी कसं? पाचवारी साडी, गळ्यात मंगळसूत्र, आडनावाच्या शेवटी 'कर', आणि आतून नारळाच्या रसातल्या बांगड्याचा वास. मी म्हटलं, आपल्याच कोकणातल्या बाई. तसं सांगितलंही. तर म्हणाल्या, "कोकणातलीच. आम्ही ज्यू. बेने इस्रायल. आमचे पूर्वज रायगडात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद. म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला." मग पुढच्या शनिवारी "मशिदीत जाऊन येते गं, ठाण्याला" असं म्हणाल्या आणि मी पुन्हा गोंधळले. त्यांचे लोक आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात. मला हे सगळं नीट समजायला दोन वर्षं लागली, आणि समजलं असं वाटलं की त्या काहीतरी नवीन काढायच्या.

पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी हॉस्पिटलात नर्सचं काम केलं होतं. डॅनियलकाका, त्यांचे यजमान, आम्ही येण्याआधीच गेलेले. एकुलता एक मुलगा शिमोन, त्याला सगळे सॅमी म्हणायचे, तो इस्रायलला जाऊन स्थायिक झालेला. म्हणजे घरात मावशी एकट्या. पण एकट्या बाईचं घर शांत असतं असं कोणाला वाटत असेल तर त्याने मार्च महिन्यात आमच्या मजल्यावर यावं.

मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा पेसाह यायचा. आठ दिवसांचा सण. त्या आठ दिवसांत घरात खमिराचा, म्हणजे आंबलेल्या पिठाचा, कण राहता कामा नये. पाव, बिस्किट, चपाती, रवा, शेवया, काही नाही. त्यांची आजी या सणाला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणायची. मी विचारलं, "अनाशी म्हणजे?" तर म्हणाल्या, "काहीतरी आंबट असायचं मडक्यात, सणाला ते झाकून ठेवायचे. नक्की काय ते आजीला ठाऊक. मी विचारलंच नाही गं, तेव्हा मला खेळायचं होतं."

तर हा कण शोधायला महिनाभर आधी सुरुवात. आतल्या खोलीपासून. सगळ्या कपड्यांचे खिसे उलटे करून झाडायच्या. पर्स उलटी. पुस्तकं एकेक उचलून पाठीला धरून फडफडवायची, कारण माणूस वाचता वाचता बिस्किट खातो. गॅसच्या बर्नरच्या भोकाभोकात सेफ्टी पिन. मिक्सर पालथा. टीव्हीचा रिमोट उघडून त्यात कापसाचा बोळा. एकदा मला बोलावून बोटावर काहीतरी दाखवलं.

"हे बघ. सोफ्याच्या शिवणीत होता."

"मावशी, हा कण मुंगीलाही दिसणार नाही."

"मुंगीला दिसतो, म्हणून तर मुंगी येते."

एकेक कपाट साफ झालं की त्याच्या दोन्ही दारांवर बँडेजची पांढरी चिकटपट्टी लावायच्या. ती पट्टी दिसली की त्या कपाटाला हात लावायचा नाही, त्यांनीसुद्धा नाही. सणाच्या आदल्या आठवड्यात घरभर पट्ट्याच पट्ट्या. सतीश म्हणायचा, "मावशींचं घर ॲडमिट झालंय."

आणि नुसती धूळ काढून भागत नसे. पेसाहच्या निमित्ताने घरातली एकेक वस्तू तपासली जायची. वॉर्डात सकाळचा राउंड असतो ना, तसा. मावशी पुढे, मी मागे पिशवी घेऊन. झाकण नसलेला डबा हातात घ्यायच्या. "ह्याचं काय?" मी म्हणायची, "असू द्या, कशाला तरी होईल." "कशाला तरी म्हणजे काही दुखत नाही ह्याचं. उगाच बेड अडवून बसलाय. डिस्चार्ज!" डबा माझ्या पिशवीत. टाकून देणं, देऊन टाकणं, भंगारवाल्याला घालणं, सगळ्याला एकच शब्द, डिस्चार्ज. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या घरांत मावशींचे डिस्चार्ज झालेले पेशंट आहेत. माझ्याकडे पोळपाट आहे, वॉचमनच्या बायकोकडे पंखा आहे. मात्र ज्याचा उपयोग कोणालाच नाही तेच फक्त कचऱ्यात. "कचरा जातो कुठे? कांजूरच्या डम्पिंगला. वारा सुटला की वास येतो आपल्याच घरात. म्हणजे टाकलं असं म्हणायचं फक्त." नाकाला पदर लावून हे सांगायच्या.

त्यांच्या खाण्याच्या नियमांनी तर माझी वाट लावली. तांदूळ चालतो, गहू चालत नाही. ठीक. मग इडली?

"आंबवलेलं नको."

"मग दही?"

"दही चालतं."

"अहो, ते तर विरजलेलं!"

"ते विरजण गं. खमीर वेगळा. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं आणि अठरा मिनिटं गेली की खमीर."

"अठराच का?"

"मला काय माहीत! इंजेक्शन किती सीसी द्यायचं ते डॉक्टर लिहितो, मी देते." मग माझ्या हातातली हिंगाची डबी काढून घेतली. "आणि हिंग पण नाही. त्यात पीठ असतं." हिंगात पीठ असतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या आईनेसुद्धा नाही.

मग उरलेलं पीठ, रवा, बिस्किटं, मॅगी, ह्याचं करायचं काय? चांगलं अन्न फेकवत नाही. त्याला त्यांच्यात एक तोड आहे. ते सगळं दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकून टाकायचं आणि सण संपला की परत विकत घ्यायचं. दरवर्षी एक मोठी पिशवी माझ्या घरी यायची. मी मावशींना एक रुपया द्यायची, त्या गंभीर चेहऱ्याने घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता हे तुझं." मला वाटायचं, म्हणजे सांभाळायचं. एकदा सतीशने त्यातला क्रीम बिस्किटांचा पुडा फोडला. एक नाही, दोन. मला कळलं तेव्हा मी त्याला असलं झाडलं! "अरे, लोकांचं देवाधर्माचं सामान ते, तुला काही लाज?" दुसऱ्या दिवशी तसलेच दोन पुडे आणून पिशवीत ठेवले, पण मन खायला लागलं, म्हणून जाऊन कबूल केलं. मावशी खुर्चीवर मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"बरं झालं खाल्लं! इतकी वर्षं मला शंका होती. विकते खरी, पण खरंच विकलं का? आता सतीशने खाल्लं म्हणजे खरंच विकलं."

"मग मी आणलेले पुडे?"

"ते तुझे तू खा. मी कशाला घेऊ?"

आता सांगा, मी चूक केली होती की पुण्य? मला आजवर कळलेलं नाही. सतीश मात्र दरवर्षी मान वर करून बिस्किटं खायला लागला. म्हणे धर्मकार्य आहे.

सणाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची झडती. घरातल्या कोणीतरी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून दहा ठिकाणी लपवायचे आणि घरच्याने मेणबत्ती घेऊन ते शोधायचे. पूर्वी सॅमी लपवायचा. तो गेल्यावर मावशी स्वतःच लपवायच्या आणि स्वतःच शोधायच्या. मला हे कळलं तेव्हा इतकं कसंतरी झालं की मी म्हटलं, मी लपवते. त्या वर्षी ऑफिसातून आले ती थेट त्यांच्याकडेच. खांद्याला पर्स, डोक्यात उद्याची रजा मिळेल की नाही याची कटकट. भराभर तुकडे ठेवले. मावशी मेणबत्ती आणि कण झाडायला पीस घेऊन निघाल्या. देव्हाऱ्यात— नाही, देव्हारा नव्हता त्यांच्याकडे, बघा, अजून मी असं म्हणते— शोकेसमध्ये एक, शिलाई मशीनवर एक, असे करता करता नऊ सापडले. दहावा सापडेना.

"कुठे ठेवलास?"

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही? आत्ता अर्ध्या तासापूर्वी ठेवलास."

"मावशी, मी खरंच दहा ठेवले का, तेच आता मला नक्की सांगता येईना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हाताखालच्या किती शिकाऊ नर्सा रडल्या असतील. महिनाभर घासलेलं घर आम्ही दोघींनी पुन्हा उपसलं. गादी उभी केली. चिकटपट्ट्या काढल्या, पुन्हा लावल्या. काही नाही. शेवटी त्यांनी मेणबत्ती खाली ठेवली आणि हिब्रूसारखं काहीतरी पुटपुटल्या. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "जो खमीर मला दिसला नाही, सापडला नाही, तो माझा नाही. रस्त्यावरच्या धुळीसारखा."

मी उडालेच. "म्हणजे असं म्हटलं की चालतं? मग महिनाभर घासलं कशाला?"

"आधी घासायचं, मग सोडायचं. न घासता सोडलंस तर नुसता आळशीपणा." एवढं बोलून त्यांनी मला चहा दिला, बिस्किटाशिवाय.

अशा या बाई. आता ज्याच्यासाठी हे लिहितेय तिथे येते.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी उलटून गेल्यावरची गोष्ट. रविवार होता. अकरा वाजले तरी त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. माझ्याकडे त्यांची किल्ली असायची. उघडून आत गेले तर मावशी बाथरूमच्या लादीवर भिंतीला टेकून बसलेल्या. सकाळी सातपासून. मनगट सुजून टम्म. आणि मला बघून पहिलं वाक्य, "चप्पल घालून ये, फिनेल सांडलंय." मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून आणलं. रिक्षात त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, सॅमीला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. संध्याकाळी घरी येऊन सॅमीला फोन केला.

का केला? घाबरले म्हणून. मी दिवसभर ऑफिसात असते. तो दिवस रविवार नसता तर? पण फोन केला तो मीच. सॅमी म्हणाला, "बास झालं, वैशाली. पेसाह झाला की मी येतो आणि आईला घेऊन जातो. घरही विकून टाकू." दोन दिवसांनी मावशींनी विचारलं, "केलास फोन?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "हं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मी रडले असते, मिटलं असतं.

सॅमीलाही त्या 'बघू' एवढंच म्हणायच्या. त्याने 'बघू'चा अर्थ 'हो' लावला आणि तिकीट काढलं. मी विचारलं, "मावशी, जाणार ना?" तर उत्तर, "आधी घर तर साफ होऊ दे."

आणि मार्च आला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पेंटर बोलावला. स्वयंपाकघराला रंग, फिका निळा. मी मनात म्हटलं, जाणारं माणूस किचनला रंग काढेल का? नाही जात त्या! मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होते. चारच दिवसांनी भंगारवाला लोखंडी कपाट जिन्यावरून खाली उतरवत होता. लग्नातलं कपाट. म्हणजे जाणार. मग ठाण्याला जाऊन नवा प्रेशर कुकर घेऊन आल्या, कारण पेसाहची भांडी वेगळी असतात आणि जुन्या कुकरचं हँडल गेलं होतं. नवा कुकर! म्हणजे राहणार. मग नर्सिंगचे बॅज, टोपी, डॅनियलकाकांचा कोट, सगळं दोन गाठोड्यांत बांधून कुणाकुणाला दिलं. मग पेपरवाल्याला सांगितलं, जूनपासून इंग्रजी पेपरही टाक. मग तुळशीसकट सगळ्या कुंड्या माझ्या गॅलरीत आणून ठेवल्या आणि कुठल्या झाडाला किती तांबे पाणी ते कागदावर लिहून दिलं. हो, तुळस होती त्यांच्याकडे. खोकल्याला लागते म्हणून.

माझं डोकं फुटायची पाळी. दर संध्याकाळी मी सतीशला बातमी द्यायची, आज राहणार, आज जाणार. तो वैतागला. "यार, तू सरळ विचार ना त्यांना! हेर असल्यासारखी काय बघत बसलीस?"

विचारलं. "मावशी, हे सगळं काय चाललंय?"

"दरवर्षी करते तेच."

"दरवर्षी कपाट देत नाही तुम्ही."

"दरवर्षी कपाटाकडे नीट बघितलं नव्हतं."

"आणि रंग?"

"भिंत काळी झाली होती गं, दिसत नाही तुला?"

मग त्या फडकं पिळत पिळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला काय वाटतं, वैशू?"

माझ्या तोंडात आलं होतं, जाऊ नका. माझी आई जाऊन दहा वर्षं झाली होती. ऑफिसातून आल्यावर समोरचं दार उघडं असणं म्हणजे काय ते मला विचारा. पण बाथरूमच्या लादीवर बसलेल्या मावशी डोळ्यांपुढून हलेनात. मी कोण त्यांना थांबवणारी? उद्या पडल्या तर? तिथे मुलगा आहे, सून आहे, लिफ्ट आहे. तिथे रॉकेट आलं की सायरन पण वाजतात, धावत खाली तळघरात जावं लागतं, हेही आठवलं. सगळं एकदम आठवलं आणि मी म्हणाले, "तुमची सोय बघा, मावशी." इतकं कोरडं वाक्य मी आयुष्यात कोणाला बोललेले नाही. त्यांनी फडकं झटकलं आणि दोरीवर टाकलं.

पेसाह नेहमीसारखा झाला. आमच्या घरी पिशवी आली, रुपया दिला, सतीशने धर्मकार्य केलं. नवव्या दिवशी मावशी सामान परत विकत घ्यायला हजर. पंधरा दिवसांवर प्रवास आणि बाई दोन किलो कणीक परत नेतायत! मी दारात उभी राहून बघत राहिले. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून गरम चपात्या आल्या.

सॅमी आला. चांगला मुलगा, उगाच कशाला वाईट बोलू? आईला हाताला धरून चालवायचा. त्याने घराचं गिऱ्हाईक पाहिलं, कागद केले. मावशींनी तो दाखवेल तिथे सही केली. नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. उरलेलं सामान गेलं. निघायच्या दोन दिवस आधी गॅसचं कनेक्शन परत केलं, सिलिंडर नेला, आणि दोघं जेवायला आमच्याकडे यायला लागली.

विमान संध्याकाळचं होतं. दुपारी एकला गाडी आली. मी रजा घेतली होती. सॅमीने बॅगा उतरवल्या, मी मावशींना हळूहळू खाली नेलं. गाडीत बसवलं. बिल्डिंगमधली सगळी जमली होती. रडारड झाली; मावशी रडल्या नाहीत, वॉचमनच्या बायकोला म्हणाल्या, पंख्याला तेल घाल. मी लगेच वर आले, कारण मला ते बघवेना आणि घराला कुलूपही लावायचं होतं. कुलूप हातात घेऊन दारात उभी होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मावशी. एकट्या. तीन मजले चढून.

मी म्हटलं, बदललं मन! आल्या परत! मी दार सताड उघडलं. त्या माझ्या बाजूने आत गेल्या, रिकाम्या हॉलमधून थेट स्वयंपाकघरात, आणि त्या निळ्या भिंतींच्या मधोमध उभ्या राहिल्या. धाप लागली होती. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"वैशू, मी वर कशाला आले गं?"

चाळीस वर्षांपूर्वीच्या पेशंटचा बेड नंबर सांगणारी बाई. खरंच विसरल्या होत्या? की मला विचारत होत्या? मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्या थांबल्या होत्या. माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन. खालून सॅमीची हाक आली, "आई! उशीर होतोय!"

मी म्हणाले, "गॅस बघायला आला असाल."

"हो," त्या म्हणाल्या. "गॅस."

ओट्याखाली काही नव्हतं. लादीवर नुसती गंजाची गोल खूण. मावशी एका हाताने ओटा धरून वाकल्या, दुसरा हात त्या रिकाम्या जागेत घातला आणि नसलेलं बटण उजवीकडे फिरवलं.

"बंद आहे," म्हणाल्या, आणि उतरायला लागल्या. मी दारातच उभी. कोपर धरायलासुद्धा पुढे झाले नाही. पावलं खालपर्यंत ऐकली, गाडीचं दार लागलेलं ऐकलं.

'राहायला आलात, मावशी' असं मी म्हणाले असते तर त्या राहिल्या असत्या का, मला माहीत नाही. पण त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी गॅस म्हणाले.